डेप्थ ऑफ फील्ड ॲडॅप्टर घ्यायचा का? पैसे देण्याआधी हे समजून घ्या



मागच्या आठवड्यात एका तरुणाचा फोन आला. साताऱ्याजवळच्या एका गावात राहतो. नोकरी सोडून छोट्या उद्योगांना जाहिरातीचे व्हिडिओ करून द्यायचा व्यवसाय सुरू करतोय. म्हणाला, "सर, काकांचा जुना मिनी डीव्ही कॅमेरा घरात पडून आहे. त्याला लावायचा डेप्थ ऑफ फील्ड ॲडॅप्टर एकजण विकतोय, लेन्ससकट. मागचं सगळं ब्लर होतं, एकदम सिनेमासारखं दिसतं. घेऊन टाकू का?"

मला हसू आलं नाही. कारण २००८ साली हाच प्रश्न मला पडला होता. विचारायला कोणी नव्हतं, म्हणून मी घेऊन टाकला होता. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण आधी ही वस्तू नेमकी काय आहे ते समजून घेऊ. व्हिडिओत मी प्रात्यक्षिक दाखवलं आहे, इथे आकडे नीट मांडतो. वहीपेन घेऊन बसा.

डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे काय?

कॅमेरा एका अंतरावर फोकस केला, की त्या अंतराच्या थोडं पुढचं आणि थोडं मागचंही आपल्याला स्पष्ट दिसतं. या स्पष्ट पट्ट्याची खोली म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड. पट्टा खोल असेल तर माणूसही स्पष्ट आणि मागचं कॅलेंडरही स्पष्ट. पट्टा उथळ असेल तर माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर. सिनेमात बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावर टिकते, त्यात या उथळ पट्ट्याचा मोठा हात असतो.

आता जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची अडचण बघा. त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर १/३ इंची असायचा. हे नाव फसवं आहे. प्रत्यक्षात तो फक्त ४.८ मिमी रुंद आणि ३.६ मिमी उंच. तुरीच्या डाळीएवढा म्हणा! सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवरची फ्रेम साधारण २२ ते २५ मिमी रुंद असते, आणि फोटोच्या ३५ मिमी फिल्मवरची ३६ मिमी. सेन्सर लहान, म्हणून तेवढंच दृश्य पकडायला लेन्सही लहान फोकल लेंग्थची लागते. आणि लेन्स लहान झाली की पट्टा खोल होतो.

हिशोब करून बघू. माणूस ३ मीटरवर उभा आहे. फोटोच्या ३५ मिमी फ्रेमवर ५० मिमीची लेन्स, ॲपर्चर एफ २. स्पष्ट पट्टा साधारण २.८ मीटरपासून ३.२ मीटरपर्यंत, म्हणजे ४०-४५ सेंटीमीटर. आता तेवढंच दृश्य १/३ इंची सेन्सरवर घ्यायचं तर लेन्स लागते ७ मिमीची. ॲपर्चर तेच, एफ २. स्पष्ट पट्टा साधारण २ मीटरपासून सव्वासहा मीटरपर्यंत! म्हणजे माणूस, त्याच्या मागची खुर्ची, त्यामागचं कपाट आणि कपाटावरचा डबा, सगळं स्पष्ट. व्हिडिओ 'लग्नाच्या कॅसेटसारखा' का दिसायचा, त्याचं एक मोठं कारण हे.

ॲडॅप्टर काय करायचा?

२००० नंतरच्या काही वर्षांत यावर एक युक्ती निघाली. जर्मनीच्या पी प्लस एस टेक्निक कंपनीचा मिनी३५ हा त्यातला नावाजलेला आणि महागडा. त्यानंतर रेडरॉक एम२, लेटस, ब्रेव्हिस असे स्वस्त पर्याय आले. हौशी लोकांनी तर पाइपचे तुकडे आणि सीडीच्या चकत्या वापरून घरीही बनवले.

युक्ती साधी आहे. कॅमेऱ्याच्या पुढे एक नळी लावायची. नळीच्या टोकाला फोटो कॅमेऱ्याची ३५ मिमी लेन्स. नळीच्या आत एक दुधी काच, म्हणजे ग्राउंड ग्लास. लेन्स त्या काचेवर मोठं चित्र पाडते. आणि मागचा व्हिडिओ कॅमेरा समोरच्या माणसाचं शूटिंग करत नाही, तो काचेवर पडलेल्या चित्राचं शूटिंग करतो. जवळच्या काचेवर फोकस व्हावा म्हणून मध्ये एक क्लोज-अप लेन्स असते. चित्र मोठ्या काचेवर पडलेलं, त्यामुळे पट्टा उथळ. तीच मऊ धूसर पार्श्वभूमी आता डाळीएवढ्या सेन्सरवर मिळते.

कल्पना हुशारीची आहे, यात वाद नाही. पण दर गोष्टीची किंमत असते. ती चार ठिकाणी मोजावी लागायची.

१. उजेड. दुधी काच उजेड खाते. ॲडॅप्टर आणि लेन्सनुसार एक ते दोन स्टॉप जायचे. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, दोन स्टॉप म्हणजे पाव. आधी एका लाइटवर भागत होतं, तिथे आता दोन किंवा चार.

२. दाणे. काच खरखरीत असते. ती स्थिर राहिली तर तिचे दाणे आणि धूळ चित्रात दिसतात. म्हणून चांगल्या ॲडॅप्टरमध्ये काच मोटरने फिरवत किंवा थरथरवत ठेवायचे. म्हणजे आणखी एक बॅटरी, आणि ती संपल्याचं लक्षात न येण्याची आणखी एक भीती. शिवाय ॲपर्चर फार बंद केलं की दाणे पुन्हा डोकं वर काढायचे.

३. उलटं चित्र. काचेवर चित्र उलटं पडतं. चित्र सरळ करणारे ॲडॅप्टर होते, पण ते महाग. बाकीचे लोक छोटा मॉनिटर उलटा टांगून काम करायचे आणि एडिटिंगमध्ये चित्र फिरवायचे.

४. वेळ आणि माणूस. नळी, लेन्स, खाली आधाराच्या दांड्या, हे सगळं मिळून कॅमेरा हातभर लांब होतो. पट्टा उथळ असल्यामुळे माणूस हलला की फोकस हलवावा लागतो. सिनेमात यासाठी वेगळा माणूस असतो. आपल्याकडे कोण? आपणच.

माझी गोष्ट : अंतरपाट आणि १९ सेंटीमीटर

२००८ साली मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. नात्यातलं एकजण अमेरिकेहून येणार होतं. पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि त्यांच्याकडून ॲडॅप्टर मागवला. जुनी ५० मिमीची लेन्स इथेच मिळाली. घरी आईचं, तुळशीवृंदावनाचं, मांजराचं शूटिंग केलं. काय सुंदर दिसत होतं! सराव झाला असं समजून मी पुढच्याच लग्नाला तो घेऊन गेलो. दुसरा कॅमेरा नेला नाही. ही पहिली चूक.

मंगल कार्यालयात उजेड बेताचा. ॲडॅप्टरने त्यातला निम्म्याहून जास्त खाल्ला. हॅलोजन वाढवावा तर वधूपिता म्हणाले, "अहो, भटजींना घाम फुटलाय, तो दिवा जरा लांब धरा." शेवटी लेन्स एफ २ वर उघडली. कॅमेऱ्याचा गेन वाढवला, चित्रात मुंग्या आल्या.

मंगलाष्टका सुरू झाल्या. मी नवरदेवाच्या खांद्यामागून, साधारण २ मीटरवरून अंतरपाटावरच्या स्वस्तिकावर फोकस लावून उभा होतो. डोक्यात कल्पना अशी, की पाट बाजूला झाला की मागे नवरीचा चेहरा दिसेल. 'शुभमंगल सावधान' झालं, अक्षता पडल्या, पाट सरकला. आणि नवरीचा चेहरा धूसर. २ मीटरवर ५० मिमी, एफ २, म्हणजे स्पष्ट पट्टा जेमतेम १९ सेंटीमीटरचा. नवरी पाटामागे अर्धा मीटर. मी घाईने फोकस फिरवला तोवर हार घालून झाले होते.

जाहिरातीचं शूटिंग असतं तर म्हटलं असतं, "पुन्हा एकदा करू या." लग्नात कोणाला म्हणणार? कॅसेट बघताना नवरीच्या आईने एकच वाक्य उच्चारलं : "बाकी सगळं छान आहे हो, पण तेवढंच नीट दिसत नाही." मी उरलेले पैसे मागितले नाहीत. त्या घरातून पुढे एकही काम आलं नाही, आणि त्या घराने ज्यांना सांगितलं असेल त्यांच्याकडूनही नाही.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. तोच ॲडॅप्टर मी नंतर एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीला वापरला. उजेड माझ्या हातात, साडी स्टँडवर, घाई नाही, चुकलं तर पुन्हा घ्यायचं. मालक खूश झाले आणि त्यांनी आणखी दोन कामं दिली. ॲडॅप्टर तोच, माणूसही तोच. फरक कामाचा होता.

आणि मग बाजारच बदलला. ऑगस्ट २००८ मध्ये निकॉन डी९० जाहीर झाला, व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर. सप्टेंबरमध्ये कॅननचा ५डी मार्क टू जाहीर झाला. त्याचा सेन्सरच ३६ बाय २४ मिमी! दुधी काच नको, मोटर नको, उलटं चित्र नको. त्याच्याही अडचणी होत्या. सुरुवातीला तो फक्त ३० फ्रेमने शूट करायचा. आपल्याकडे २५ फ्रेमची पद्धत, ती सोय मार्च २०१० च्या अपडेटमध्ये आली. एक क्लिप साधारण १२ मिनिटांच्या पुढे जात नसे. पण उथळ पट्ट्यासाठी नळी लावायची गरज संपली ती संपलीच. माझं कर्ज मात्र अजून चालू होतं. ॲडॅप्टर शेवटी मिळेल त्या भावात विकला.

आज 'ॲडॅप्टर' म्हणून काय काय विकतात?

नाव एकच, वस्तू वेगळ्या. इथे बरेच जण फसतात.

दुधी काचेचा ॲडॅप्टर. वर सांगितला तो. मोबाइलसाठीही याच तत्त्वावरचे निघाले आहेत. उजेड खाणं, दाणे, वजन या अडचणी त्यांनाही चुकत नाहीत.

साधी माउंट रिंग. यात काच नसते. जुनी लेन्स नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसवायला फक्त अंतर भरून काढते. उदाहरणार्थ, कॅनन ईएफ लेन्सला माउंटपासून सेन्सरपर्यंत ४४ मिमी अंतर लागतं, सोनी ई कॅमेऱ्यात ते १८ मिमी आहे. उरलेले २६ मिमी रिंग भरते. निकॉन एफ लेन्सला ४६.५ मिमी लागतात, म्हणून तिथे रिंग २८.५ मिमीची. ही रिंग ब्लर वाढवत नाही. ब्लर मिळतो तो लेन्स आणि सेन्सरमुळे. पण घरात जुनी चांगली लेन्स असेल तर कमी खर्चात कामाला येते.

फोकल रिड्यूसर, म्हणजे स्पीड बूस्टर. मेटाबोन्सने २०१३ मध्ये आणलेला प्रकार. यात काच असते, पण ती उजेड खात नाही, उलट लहान जागेत गोळा करते. ०.७१ पटीच्या बूस्टरने ५० मिमी एफ १.८ ची लेन्स साधारण ३५ मिमी एफ १.३ सारखी वागते. एक स्टॉप उजेड वाढतो. मोठ्या फ्रेमसाठी बनलेली लेन्स लहान सेन्सरवर लावायची असेल तेव्हाच याचा उपयोग.

जुनी रिंग किंवा बूस्टर घेताना दोन गोष्टी स्वतः तपासा. लांबच्या डोंगरावर किंवा टॉवरवर फोकस होतो का? आणि लेन्स बसवल्यावर हाताला खडखडते का? लांबचा फोकस होत नसेल किंवा खडखडत असेल, तर स्वस्त मिळाली तरी नको.

एक पैसा न खर्चता काय करता येईल?

मागचं किती धूसर होईल, याचा एक सोपा हिशोब आहे. लेन्सचं तोंड किती मिमी उघडं आहे ते काढा : फोकल लेंग्थ भागिले एफ नंबर. ५० मिमी एफ २ म्हणजे २५ मिमी. ७ मिमी एफ २ म्हणजे ३.५ मिमी. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचंही असंच ३-४ मिमी असतं. मग बघा, माणसापासून मागची भिंत किती लांब, आणि कॅमेऱ्यापासून भिंत किती लांब. पहिलं भागिले दुसरं, गुणिले ते तोंड. उत्तर जितकं मोठं तितकी पार्श्वभूमी मऊ.

माणूस कॅमेऱ्यापासून २ मीटर, भिंत त्याच्या मागे १ मीटर : १ भागिले ३, म्हणजे एक तृतीयांश. तोच माणूस दारात बसवला आणि मागची भिंत ४ मीटर लांब गेली : ४ भागिले ६, म्हणजे दोन तृतीयांश. ब्लर दुप्पट! खर्च? खुर्ची सरकवण्याचा.

जुन्या कॅमेऱ्यावर दुसरी युक्ती म्हणजे मागे जाऊन झूम लावणं. ६० मिमीवर एफ २.८ म्हणजे तोंड २१ मिमी. पण माणूस फ्रेममध्ये पूर्वीएवढाच हवा तर फार मागे जावं लागतं. ८० सेंटीमीटर रुंदीचं दृश्य हवं असेल तर तब्बल १० मीटर. अंगणात, गोठ्यासमोर, शेतात सहज जमतं. दहा बाय बाराच्या खोलीत जमणार नाही.

आणि एक सावधगिरी. ब्लर नेहमी हवाच असतो असं नाही. मसाल्याच्या बरणीचं शूटिंग अर्ध्या मीटरवरून करताना ३५ मिमी फ्रेमवर ५० मिमी, एफ २ ठेवलंत, तर स्पष्ट पट्टा फक्त १ सेंटीमीटरच्या आसपास राहतो. बरणी गोल. मधलं अक्षर वाचता येईल, कडेला छापलेलं नाव आणि वजन जाईल. ज्याच्या जाहिरातीचे पैसे घेतलेत, त्याचंच नाव धूसर! अशा वेळी ॲपर्चर एफ ८ पर्यंत बंद करा, लाइट वाढवा आणि मागचा पडदा लांब न्या.

आता धंद्याचा हिशोब

समजा, ॲडॅप्टर, लेन्स, दांड्या मिळून ४०,००० रुपये लागले. आधी एका व्हिडिओचे ८,००० मिळायचे, आता गिऱ्हाईक १,५०० जास्त देतंय. पण फोकस सांभाळायला सोबत एक माणूस लागतो, त्याचे ८००. तुमच्याकडे उरले ७००. चाळीस हजार भागिले सातशे, म्हणजे ५७ व्हिडिओ होईपर्यंत तुम्ही फक्त पैसे फेडताय. महिन्याला चार कामं असतील तर चौदा महिन्यांहून जास्त. तेवढ्या काळात बाजारात काय नवीन येईल? मला २००८ मध्ये ते चौदा महिने मिळाले नाहीत.

आणि ते १,५०० जास्त मिळतीलच, हे कशावरून? म्हणून घेण्याआधी तीन प्रश्न वहीत लिहा :

१. माझ्या गिऱ्हाइकाने आजवर कधी 'मागचं धूसर नाही' अशी तक्रार केली आहे का? की तक्रार आवाजाची, उशिराची, अंधाराची होती?

२. हे काम पुन्हा करता येण्यासारखं आहे का? साडी, बरणी, मुलाखत असेल तर चालेल. लग्न, उद्घाटन, भाषण असेल तर साधा कॅमेरा सोबत चालू हवाच.

३. हीच वस्तू किंवा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा एका दिवसासाठी भाड्याने मिळतो का? मिळत असेल तर आधी तीन कामं भाड्याने करा. गिऱ्हाइकाला दोन दर सांगा, साधा आणि जास्तीचा. तिघांपैकी किती जण जास्तीचा दर निवडतात ते बघा. तुमचं उत्तर तिथेच आहे.

त्या तरुणाला मी काय सांगितलं?

म्हटलं, "अरे, पहिलं गिऱ्हाईक कोण आहे तुझं?" म्हणाला, "मावशीचा बचतगट. लोणची-पापड करतात." विचारलं, "त्यांना काय हवंय?" थोडा थांबून म्हणाला, "सर, मावशी म्हणते, आमचे हात स्वच्छ दिसले पाहिजेत आणि फोन नंबर नीट ऐकू आला पाहिजे."

आता यात दुधी काच कुठे बसते? ॲडॅप्टर राहू दे म्हटलं. त्याच पैशातला थोडा भाग घालून कॉलरचा माइक घे, मोबाइलला स्टँड घे. मावशींना ओसरीवर दारापाशी बसव, मागे अंगण लांबवर येऊ दे. परवा त्याने पहिला व्हिडिओ पाठवला. मागची तुळस थोडी मऊ दिसतेय, हात स्पष्ट आहेत, नंबर खणखणीत ऐकू येतोय. बचतगटाने त्याला पैसे दिले आणि दिवाळीच्या फराळाचं कामही सांगितलं.

तुमचा गृहपाठ : घरातली एक वस्तू घ्या. आधी भिंतीपासून एक हातावर ठेवून शूट करा, मग भिंतीपासून चार मीटरवर. दोन्ही क्लिप शेजारी ठेवून बघा. ॲडॅप्टरचा विचार त्यानंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब लिहून ठेवा आणि काम चालू ठेवा. खूप शुभेच्छा!